२०२० वजा करू नका

मंडळी, डिसेंबर लागला की वर्षाचा जमाखर्च मांडायची खोड आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे. मलाही आहे. यंदाचा लिहायला बसलो आणि जुने चाळता चाळता २०२० च्या डिसेंबरात लिहिलेल्या लेखापाशी येऊन अडकलो. वाचून चक्क लाज वाटली. म्हणून यंदाचं राहू दे, आज त्या जुन्या हिशोबाबद्दलच बोलतो.

काय लिहिलं होतं मी? तर हे वर्ष आयुष्यातून वजाच करून टाकावं. आणि त्याच लेखात थोडं खाली असंही, की महामारीने आपल्याला थांबायला शिकवलं, घरच्यांसोबत दोन घास खायला शिकवलं, घरून काम करता येतं हे शिकवलं. तेव्हा सगळेच असं लिहीत होते. माझा प्रश्न एवढाच आहे, यातला हा 'आपण' म्हणजे नेमका कोण?

मी स्वतः त्यात होतो, हे आधी कबूल करतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागायच्या जेमतेम आधी पुण्याहून गावी आलो, आमच्या पांढरकवड्याकडच्या. स्लॅबवरच्या एका कोपऱ्यात तेवढी रेंज यायची, तिथे खुर्ची टाकून महिनोन् महिने काम केलं. पगार वेळेवर जमा होत होता. आईच्या हातची भाकरी, संध्याकाळचा वारा.. नाही कशाला म्हणू, बरं वाटलं. बरं वाटण्यात काही पाप नाही. पण माझ्या स्लॅबवरून जे दिसलं, ते सगळ्या जगाला मिळालेला धडा म्हणून मी लिहिलं, ते चुकलं.

थांबायला शिकवलं म्हणे! आमच्याकडून हैदराबाद-नागपूर महामार्ग जातो. त्या उन्हाळ्यात त्यावरून डोक्यावर बोचकी घेऊन माणसं उत्तरेकडे चालत होती. थांबायला त्यांना जागाच कुठे होती? आणि ज्यांना बस मिळाली त्यांचं तरी काय? १९ मे २०२० ला सोलापूरकडून मजुरांना घेऊन निघालेली एसटी आर्णी तालुक्यात कोळवणजवळ टिप्परवर आदळली. चालकासह ४ जण गेले. मजूर झारखंडचे होते, नागपूरहून त्यांना पुढे रेल्वेने जायचं होतं. हे घडलं आमच्याच जिल्ह्यात, आणि माझ्या लेखात त्यावर एक ओळसुद्धा नव्हती.

घरून काम म्हणाल, तर आमच्या जिल्ह्यात ते फक्त कापसाने केलं! मार्चच्या शेवटी खरेदी केंद्रं बंद पडली आणि ज्यांचा कापूस विकायचा राहिला होता त्यांच्या घराघरात तो पडून राहिला. माझ्या चुलतभावाकडे अर्धं घर छतापर्यंत कापसाने भरलेलं होतं. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात कापूस राहिला असेल त्यांना सांगायला नको, अंगाला किती खाज सुटते ते. लेकरं रात्रभर खाजवत बसायची. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा ५,५५० रुपये होता, पण केंद्र बंद असताना हमीभाव कोणाला मागायचा? पुढे केंद्रं सुरू झाली तर नोंदणी करा, नंबर लागायची वाट बघा. तिकडे खरीप डोक्यावर आलेला, बियाण्याला पैसे नाहीत. दादाने काही कापूस मिळेल त्या भावाने देऊन टाकला. मी वर स्लॅबवर मीटिंगमध्ये होतो.

आता वहिनीचं सांगतो. याच दादाची बायको गावात आशा आहे. आशा म्हणजे सरकारी भाषेत स्वयंसेविका. २००५ पासूनची ही योजना, साधारण हजार लोकसंख्येमागे एक, पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. पुण्या-मुंबईहून कोण आलं त्याची नोंद घेणं तिच्याकडे होतं. तिच्या वहीत पहिलं नाव माझं :) पुढे सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं, पुन्हा घरोघर फिरणं. लोक दारातून हाकलायचे, गावात आजार हिनेच आणला म्हणायचे. घरी आली की आधी मागच्या अंगणात आंघोळ, मग लेकरांना जवळ घेणं.

माझा तो लेख तिने मोबाइलवर वाचला होता. म्हणाली, "भाऊजी, चांगलं लिहिलं. पण यात आमी कुठी आहो?"

मी हसून वेळ मारून नेली. आज तो प्रश्न टाळणार नाही.

वर्ष वजा केलं की त्या वर्षाची उधारीही वजा होते, म्हणूनच वजा करणं आपल्याला इतकं आवडतं. २२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या, हिशोब मिटला! ज्यांच्यासाठी वाजवल्या त्यांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला, तेव्हा कुठे महिन्याला दीड हजार वाढले, त्यातलेही ५०० कोविड भत्त्याचे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतरही २०२४ च्या सुरुवातीला त्या आझाद मैदानात बसल्या होत्याच, मार्चमध्ये ५,००० ची वाढ मंजूर झाली तेव्हा उठल्या. आजही त्या स्वयंसेविकाच आहेत.

आणि चूक झाली की? आमच्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसीकोपरीत, ३१ जानेवारी २०२१ ला पोलिओ डोसाऐवजी १२ बालकांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. सुदैवाने सगळी बचावली. चूक भयंकरच होती, तिची पाठराखण मी करत नाही. पण कारवाई कोणावर होणार म्हणून तेव्हा जाहीर झालं, तर डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि आशा. म्हणजे पगाराच्या वेळी स्वयंसेविका, आणि शिक्षेच्या वेळी कर्मचारी. हे कोणतं गणित?

त्याच सॅनिटायझरची दुसरी गोष्ट वणीची. एप्रिल २०२१, दारूची दुकानं बंद, आणि ते पिऊन ७ जण दगावले. तेव्हा 'दारुडे' म्हणून आपण विषय संपवला. शहरात टेबलावर शोभेला ठेवलेली बाटली आमच्याकडे कुठे कुठे पोचली, याची नोंद कोणत्या वर्षअखेरच्या लेखात आली?

कोणी म्हणेल, अरे, झालं गेलं. विसरल्याशिवाय माणूस पुढे कसा जाईल? बरोबर आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी दुःख विसरायचं ठरवलं तर मी कोण अडवणारा? पण दुःख विसरणं वेगळं आणि देणं विसरणं वेगळं. दुकानदार उधारीची वही फाडू देत नाही, वर्ष कितीही वाईट गेलेलं असो.

असो. तर माझा तो लेख मी काढून टाकत नाहीये. राहू दे तिथेच, कोणाच्या जिवावर मी थांबायला शिकलो ते मला आठवत राहील. तुमच्यापैकी ज्यांनी तेव्हा असं काही लिहिलं असेल त्यांनीही एकदा काढून वाचा, आणि 'आपण' हा शब्द दिसला की त्यात कोण कोण नाही ते बघा.

ता.क. वहिनीची ती वही अजून आहे. दिवाळीत मागून घेतली आणि बघितली. माझ्या नावापुढे चौदा दिवसांच्या चौदा बरोबरच्या खुणा आहेत, म्हणजे चौदाही दिवस ती येऊन विचारून गेली होती. मला त्यातले दोनच आठवतात.