पोरांना सुट्टीत ग्राफिक नॉव्हेल्स वाचू द्या, आणि आधी स्वतः वाचा

परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या, पारा 44 च्या पुढे गेला. पोरं घरात कूलरसमोर, हातात मोबाईल. आणि आपण सगळे पालक दिवसातून चार वेळा एकच वाक्य बोलतोय, "अरे काहीतरी वाच." काय वाच, ते मात्र कुणी सांगत नाही. फार तर 'श्यामची आई' आणि 'अग्निपंख'. दोन्ही चांगली पुस्तकं, तक्रार नाही. पण नववीतल्या पोराने हीच दोन नावं चौथीपासून ऐकलेली असतात.

म्हणून आज नगरपालिका, टँकर आणि रस्त्याची बिलं बाजूला ठेवून पुस्तकांवर लिहितोय. (बाजूला म्हणजे फार लांब नाही. पाणी आणि धरण दोन्ही येणार आहे.)

विषय ग्राफिक नॉव्हेल्स. चित्रांमधून सांगितलेली, पण कादंबरीएवढी मोठी आणि कादंबरीएवढीच गंभीर गोष्ट. मराठीत चित्रकादंबरी म्हणा हवं तर.

कारण असं घडलं. आपल्या भागातल्या एका वाचनालयाची खरेदीची यादी ठरत होती. मीही सहा नावं दिली. यादी वाचता वाचता एक सदस्य थांबले. "पत्रकारसाहेब, ही कॉमिक्स आहेत का? अनुदानाचे पैसे आहेत हो, पोरखेळ नाही." सहाच्या सहा नावांवर काट मारली गेली. एकही पुस्तक कुणी उघडून पाहिलं नव्हतं. त्या जागी स्पर्धा परीक्षेच्या गाईडांच्या आणखी चार प्रती आल्या. वाचनालयाचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडे वेगळं उत्तर मिळालं असतं असं मला वाटत नाही.

पण "अनुदानाचे पैसे" हा शब्द डोक्यात राहिला. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान येतं. पैसा तुमचा आमचाच. मग त्यातून काय विकत घ्यायचं यावर बोलायचा हक्कही तुमचा आमचा.

"चित्रं म्हणजे लहान मुलांचं" हे आपण ठरवलं कधी, हाही प्रश्नच आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारत चित्रं दाखवत सांगत आले. समोर बसून ऐकणारे काही बालवाडीतले नव्हते. आमच्या पिढीचं वाचन तर चांदोबा, अमर चित्र कथा आणि इंद्रजालच्या वेताळावरच सुरू झालं. मोठेपणी आपणच नाक मुरडायला लागलो.

आता मुद्द्यावर येतो. पहिलं पुस्तक 'भीमायन'. 2011 साली नवयान प्रकाशनाने काढलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. हे दोघं मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार.

बाबासाहेबांवरची पुस्तकं आपल्याकडे कमी नाहीत. दर 14 एप्रिलला स्टॉलच्या स्टॉल लागतात. मग हे वेगळं का? कारण हे पुस्तक घटनेच्या शिल्पकारापासून सुरू होत नाही. तहानलेल्या शाळकरी पोरापासून सुरू होतं. शाळेत शिपायाने वरून ओतलं तर पाणी, नाहीतर नाही. आणि मग 1901 ची ती सुट्टी. हो, उन्हाळ्याचीच सुट्टी होती. वडील गोरेगावला नोकरीला, त्यांनी पोरांना सुट्टीत बोलावलं. पोरं नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने विचारपूस करतो आणि जात कळल्यावर मागे सरतो. बैलगाडी मिळते ती दुप्पट भाड्याने, तीही पोरांनी स्वतः हाकायची. सोबत डबा आहे, पण रात्रभर पाणी मिळत नाही.

हे आपण धड्यात वाचलंय, भाषणात ऐकलंय. ऐकून ऐकून त्याची धार गेलीय. व्याम दांपत्याच्या चित्रांत ती परत येते. पानावर चौकटी नाहीत. गोंड लोक भिंतीवर, अंगणात जे दिग्ना काढतात, त्या नक्षीनेच पान विभागलंय. आगगाडी सापासारखी. आणि सगळ्यात भारी म्हणजे बोलण्याचे फुगे. साधं, प्रेमाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि जातीचं विखारी बोलणं विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. सहावीतल्या पोरालाही कुणी न सांगता कळतं की इथे शब्द डसतोय.

पुढे महाडचं चवदार तळं आहे, बडोद्याला राहायला जागा न मिळणं आहे, दौलताबादच्या किल्ल्यावरचा पाण्याचा प्रसंग आहे. टांगेवाल्यांनी न्यायला नकार दिला आणि त्यातून अपघात झाला, तोही आहे. तो प्रसंग 1929 चा, चाळीसगावचा. म्हणजे आपल्या खानदेशातला. आपण त्या स्टेशनवरून कितीदा तरी गेलोय. किती पोरांना आपण हे सांगितलं?

या सगळ्या गोष्टीला एक चौकट आहे. आजचा बसस्टॉप, आरक्षणावर कुरकुरणारा एक तरुण, आणि त्याला ही हकिगत सांगणारी एक मुलगी. हा वाद आपल्याकडे दर निकालाच्या दिवशी होतो. घरातली दहावी-बारावीची पोरं तो व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वाचतात. तिथे वाचण्यापेक्षा इथे वाचलेला बरा.

त्याच वर्षी त्याच प्रकाशनाचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' आलं. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं, जोतीराव फुल्यांच्या 1873 च्या 'गुलामगिरी'वर आधारलेलं. काळ्या-पांढऱ्या चित्रांचं, तिखट, कधी कधी चक्क हसवणारं. मूळ 'गुलामगिरी' शोकेसमध्ये ठेवून नमस्कार करणाऱ्यांनी निदान हे तरी उघडावं.

आता धरण. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' 1994 चं. भारतातली पहिली ग्राफिक नॉव्हेल म्हणून तिचं नाव घेतात. विषय नर्मदा. पुस्तकात धरणाला काल्पनिक नाव दिलंय, पण ओळखायला वेळ लागत नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं गेली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणीतली. मणिबेलीचं नाव आपल्या पिढीने पेपरात वाचलंय. आजच्या नववीतल्या पोराला विचारा, ते गाव कुठे आहे. धडगाव आपल्यापासून किती लांब आहे तेही सांगता येणार नाही.

या गोष्टीत विष्णू नावाचा एक तरुण पत्रकार आहे. शहरातून धरणाची बातमी करायला निघतो. आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं, दोन्ही बाजू घ्या, आकडे घ्या, अधिकाऱ्याचं म्हणणं घ्या. विष्णूही तेच करायला जातो. पण तिकडे आदिवासी गायक मालगू गायन जगाच्या उत्पत्तीपासून गोष्ट सुरू करतो. आणि शहरात धुणीभांडी करणारी रेल्कू सांगते की तिचं जंगल आधी कसं गेलं आणि मग गाव कसं गेलं. "बाधित कुटुंबं" हा शब्द मी बातमीत शेकडो वेळा लिहिला असेल. त्या शब्दात काय काय मावत नाही, ते या साठेक पानांत दिसतं. पुस्तक कितीतरी वर्षं बाजारातच नव्हतं, लोक झेरॉक्स वाचायचे. 2022 मध्ये पुन्हा छापलं गेलं. नंदुरबार-धुळ्याच्या एकेका वाचनालयात हे असायलाच हवं होतं. नसेल तर तो आपला करंटेपणा.

परदेशातली दोन-तीन सांगतो, म्हणजे "कॉमिक्स का?" या प्रश्नाला उत्तर मिळेल.

अमेरिकेत जॉन लुईस नावाचे खासदार होऊन गेले, मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीतले. 1957 साली मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्कारावर एक 16 पानी कॉमिक निघालं होतं. अहिंसक आंदोलन कसं करायचं ते त्यात चित्रांनी समजावलेलं. चळवळीतल्या तरुणांनी ते हातोहात वाचलं. पुढे लुईस यांनी स्वतःची कहाणीही याच रूपात सांगितली. 'मार्च', तीन भाग, सोबत अँड्र्यू आयडिन आणि चित्रकार नेट पॉवेल. तिसऱ्या भागाला 2016 चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. तो घेताना त्यांनी सांगितलं की 1956 साली, 16 वर्षांचे असताना, ते भावंडांबरोबर वाचनालयाचं कार्ड काढायला गेले होते आणि हे वाचनालय फक्त गोऱ्यांसाठी आहे असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं. सांगताना म्हाताऱ्या माणसाचा आवाज भरून आला होता. वाचनालयाच्या समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने हे भाषण एकदा ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे.

आर्ट स्पीगलमन यांचं 'माऊस': वडिलांनी सांगितलेली ऑशविट्झची हकिगत, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरी. 1992 मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीमधल्या एका शाळा मंडळाने शिव्या आणि एका नग्न चित्राचं कारण देऊन ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. परिणाम काय? लोकांनी दुकानं रिकामी केली. आपल्याकडे अजून बंदी घालण्याएवढं तरी कुणी वाचत नाही.

जपानचं 'बेअरफूट गेन'. लेखक केजी नाकाझावा हिरोशिमात सहा वर्षांचे होते तेव्हा बॉम्ब पडला. त्यातले वडील मुलांना सांगत असतात, गव्हासारखे व्हा, तुडवला तरी उभा राहतो. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं समजवायला नको. मोठ्या पोरांसाठी आणि आमच्या धंद्यातल्यांसाठी जो सॅको. हा माणूस पत्रकार आहे आणि बातमी चित्रांत काढतो. पॅलेस्टाइनवरचं त्याचं काम जगाला माहीत आहे, पण उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरच्या मुसहर वस्त्यांमध्ये फिरून त्याने भुकेवर केलेलं वार्तांकनही बघा. आपल्यातल्या किती जणांनी एखाद्या वस्तीत इतका वेळ बसून बातमी केलीय, हे मी विचारत नाही.

दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही. एक, ही पुस्तकं महाग आहेत. म्हणून तर वाचनालयाकडे बोट दाखवतोय. एका घराला जड जाणारं पुस्तक शंभर घरांना हलकं जातं, वाचनालय काढलंच त्यासाठी.

दुसरी भाषा. यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीतच हाताला लागतात. मराठी प्रकाशकांना चरित्रांचे आणि यशाच्या सात पायऱ्यांचे अनुवाद परवडतात, मग चित्रांच्या पुस्तकाला हात लावायला कसली भीती? पण तोवर थांबायची गरज नाही. फुग्यात दोन ओळी असतात आणि बाजूला चित्र असतं. इंग्रजीच्या तीनशे पानी पुस्तकाला घाबरणारं मराठी शाळेतलं पोरगं हे ढकलत ढकलत पूर्ण करतं. अडलं तर चित्रावरून अंदाज बांधतं. शब्दकोश घेऊन बसवण्यापेक्षा ही शिकवणी बरी आणि फुकट.

आणि एक पालकांसाठी. ही सगळी पुस्तकं सगळ्या वयाची नाहीत. 'भीमायन' पाचवी-सहावीपासून चालेल. 'माऊस', 'गेन' आठवीनंतर, आणि शक्यतो तुम्ही सोबत. त्यात मरण आहे, भूक आहे, क्रौर्य आहे. "चित्रं आहेत ना, दे लहान्याला" असं करू नका. आधी स्वतः वाचा. दोन संध्याकाळी लागतात.

वाचनालयाचे सभासद असाल तर तिथे सूचना वही असते. बहुतेक ठिकाणी ती कोरी असते. उद्या जा, वर्गणीची पावती क्रमांकासकट सोबत ठेवा, यातली दोन नावं लिहा, खाली सही करा. एकाने लिहिलं तर काट मारता येते. चाळीस जणांनी लिहिलं तर समितीला निदान पुस्तक उघडून बघावं लागेल. मी माझी सहा नावं पुन्हा लिहून आलोय.

तोपर्यंत माझ्या ऑफिसात यातली पाच पुस्तकं आहेत. बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. सकाळी दहा ते एक. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, आठ दिवसांनी परत आणायचं, डिपॉझिट नाही. 'भीमायन' सध्या बाहेर आहे. आठवीतली एक मुलगी घेऊन गेलीय. तिचं वाचून झालं, आता तिचे आजोबा वाचतायत असा निरोप आलाय. त्यामुळे त्यासाठी चार दिवस थांबावं लागेल.