विश्लेषण : हिस्टोनवरच्या खुणा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

‘एपिजेनेटिक’ हा शब्द आता प्रयोगशाळेतून निघून मोबाइलवरच्या जाहिरातींत पोहोचला आहे. काढा घ्या, आहार बदला, जनुकांची बटणे पुन्हा जागेवर येतील, असा एकूण सूर. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तो घातक ठरू शकतो. कारण त्यामागचे विज्ञान खरे आहे, पण ते काढ्याकडे नव्हे, तपासणीकडे बोट दाखवते.

हिस्टोनचा संबंध काय?

पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती, रिळावर दोरा गुंडाळावा तसा असतो. या रिळांवर रासायनिक खुणा असतात. असिटिल गट चिकटला की गुंडाळी सैल होते आणि तिथले जनुक वाचले जाते. काही ठरावीक जागी मिथाइल चिकटले की ती घट्ट मिटते. जनुकाची अक्षरे तीच राहतात.

हा कर्करोग जवळपास नेहमीच ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. विषाणूचे ई६ प्रथिन पेशीचा पहारेकरी पी५३ नष्ट करते, ई७ हे आरबी या प्रथिनाला निकामी करते. इथवर बहुतेकांनी वाचलेले असते. पण ई७ मुळे केडीएम६बी हे विकरही वाढते आणि ते एच३ हिस्टोनच्या २७व्या जागेवरची मिथाइलची खूण पुसते. त्यामुळे मिटलेले पी१६ जनुक उघडते. पी१६ खरे तर पेशीविभाजनाचा ब्रेक. पण तो ज्या आरबीमार्फत लागतो तेच बंद पडलेले. म्हणजे पाय ब्रेकवर आणि गाडी सुसाट! पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत हेच पी१६ तपकिरी रंगात उमटते आणि काढलेल्या तुकड्यातले बदल कर्करोगपूर्व आहेत का, हे ठरवायला मदत करते.

खुणा बदलता येतात, मग औषध?

हिस्टोनवरचे असिटिल काढणाऱ्या विकरांना रोखणारी औषधे आहेत. अपस्मारावरचे जुने व्हॅल्प्रोएट त्यातलेच. मेक्सिकोतील डॉक्टरांनी ते रक्तदाबाच्या हायड्रॅलाझिनसह केमोथेरपीला जोडून पाहिले. आजार पुढे सरकण्यास थोडा अधिक काळ लागला, पण रुग्ण मोजकेच होते. जगभरात हा प्रमाणित उपचार बनलेला नाही.

मग फायदा कुठे?

वेळेत. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. उरलेल्यांचा कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एवढ्या अवधीत विषाणू सापडला आणि बदललेल्या पेशी काढल्या, तर प्रश्न तिथेच मिटतो.

याचा पुरावा अहिल्यानगरच्या शेजारीच आहे. जामखेड तालुक्याला लागून असलेल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या ६४ जणींचा हिशेब अस्वस्थ करणारा आहे, आणि त्यावर वैद्यकीय नीतिमत्तेचा वादही झाला.

जगाने यातून धडा घेतला. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीलाच प्राधान्य देते. आपल्याकडे मात्र २०१६ च्या केंद्राच्या आराखड्यात असिटिक आम्ल लावून नजरेने पाहण्याची पद्धत आली. तीही कितीजणींपर्यंत पोहोचली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात ३० ते ४९ वयोगटातल्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची कधीतरी ही तपासणी झाली होती.

एचपीव्ही चाचणीसाठी नमुना स्त्री स्वतः घेऊ शकते. संकोचाचा मोठा अडथळा तिथेच दूर होतो. क्षयरोगासाठी वापरले जाणारे, गोव्यातील मोलबायोचे ट्रूनॅट यंत्र एचपीव्हीही तपासू शकते. आणि गावातल्याच बाईला आरोग्याचे काम शिकवता येते, हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्येच दाखवले. सुरुवात याच तालुक्यातून करावी. मात्र चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रीला पुढचा उपचार कुठे आणि कोणत्या दिवशी मिळेल, हे नमुना घेण्याआधी ठरलेले असले पाहिजे.