जुन्या व्हॅनला नवें इंजिन : एक घरगुती हिशेब

कोल्हापूरकडील एका वाचकभगिनींनीं आम्हांस पत्रानें एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरीं लोणचीं, मेतकूट व भाजणी तयार करून आसपासच्या दुकानांत पोंचविण्याचा व्यवसाय आहे. मालाच्या ने-आणीसाठीं असलेली पेट्रोलवरची जुनी व्हॅन लिटरला जेमतेम १२ किलोमीटर जाते. मेकॅनिकचें म्हणणें असें कीं, तिच्यांत दुसऱ्या गाडीचें वापरलेलें डिझेल इंजिन बसविल्यास १६ किलोमीटर सहज मिळतील. खर्च दीड लाख रुपये. ही रक्कम कन्येच्या शिक्षणासाठीं ठेवलेल्या ठेवींतून काढावयाची असून यजमानांचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. प्रश्न केवळ यंत्राचा असता तर आम्हीं तो जाणकारांवर सोंपविला असता. परंतु ठेव मोडण्याचा प्रश्न गृहिणीचाहि असतो, म्हणून या सदरांत त्याचा थोडा विस्तारानें विचार करीत आहों.

ही कल्पना मुळांत वेडगळ नाहीं. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा रोखल्यावर पेट्रोल महागलें. डिझेल मात्र शेती व मालवाहतूक यांच्या सोयीसाठीं सरकारनें स्वस्त ठेविलें. तेव्हां जीप व ॲम्बॅसडर गाड्यांतील पेट्रोल इंजिनें काढून तेथें डिझेल इंजिनें बसविण्याचा उद्योग आपल्याकडील गॅरेजांतून चांगलाच चालला, आणि ज्यांनीं तें केलें त्यांचे पैसे वसूलहि झाले. पुढें जून २०१० मध्यें पेट्रोलचे व ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचे दर सरकारी नियंत्रणांतून मुक्त झाले आणि दोन्ही इंधनांतील तें मोठें अंतर उरलें नाहीं. गॅरेजांतील म्हणी मात्र जुन्याच राहिल्या.

डिझेल इंजिन कमी इंधन खातें हें खरें. पेट्रोल इंजिनांत आंत घेतलेली हवा साधारणतः आठ ते दहा पट दाबली जाते. डिझेलमध्यें सोळा ते बावीस पट. दाब जितका अधिक तितकें उष्णतेचें कामांत रूपांतर अधिक. शिवाय गाडी सावकाश चालली असतां पेट्रोल इंजिनास अर्धवट मिटलेल्या झडपेंतून हवा ओढून घ्यावी लागते आणि त्यांत शक्ति वायां जाते. डिझेलला ती अडचण नाहीं.

परंतु 'लिटरला इतके किलोमीटर' हें मापच थोडें फसवें आहे. ८ चे १२ झाले तर दर शंभर किलोमीटरमागें चार लिटरांहून अधिक इंधन वांचतें. १२ चे १६ झाले तर दोनच लिटर. वाढ चारचीच, बचत निम्मी! आतां भगिनींचाच हिशेब मांडूं. व्हॅन महिन्यास सुमारें ७०० किलोमीटर फिरते, म्हणजे वर्षास ८,४००. पेट्रोल १०० व डिझेल ९० रुपये लिटर धरलें तर आज वर्षाला ७०० लिटर पेट्रोलचे ७०,००० रुपये होतात. नव्या इंजिनानें ५२५ लिटर डिझेलचे ४७,२५० होतील. बचत २२,७५० रुपयांची. दीड लाख फिटण्यास साडेसहा वर्षें लागतील, आणि ठेवीवरील ६ टक्के व्याज, म्हणजे वर्षाचे ९,००० रुपये, बुडतें तें निराळेंच. हीच गाडी वर्षांत ३०,००० किलोमीटर धांवत असती तर पैसे दोन वर्षांच्या आंत वसूल झाले असते व आम्हीं खुशाल होकार दिला असता. कारण बचत इंजिन करीत नाहीं, चाकें करतात!

त्यांतहि ते १६ किलोमीटर पदरांत पडतीलच असें नाहीं. मेकॅनिकच्या तोंडचें 'सहज' हें अव्यय गृहस्थाला फार महाग पडतें. डिझेल इंजिन वजनानें जड. पुढच्या स्प्रिंगा व ब्रेक यांवर भार वाढतो. त्याचा जोर कमी फेऱ्यांवर असतो, म्हणून मागील डिफरन्शियलचें प्रमाण बदललें नाहीं तर इंजिन उगाच भरधाव फिरतें आणि अपेक्षित बचत होत नाहीं. रेडिएटर, इंधनाच्या नळ्या, धक्के सोसणारे रबरी टेकू हें सर्व ओघानेंच आलें. शिवाय वापरलेल्या इंजिनाचें पूर्वायुष्य कोणास ठाऊक? आणि व्हॅनचा आकार तर पेटीसारखा! ताशीं ६० ऐवजीं ८० किलोमीटर वेगानें जातां वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो. त्यावर कोणत्याहि इंजिनाचा इलाज नाहीं.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, उत्पादकानें मूळ दिलेला व नोंदणीपुस्तकांत लिहिलेला तपशील खोटा ठरेल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच उचलून धरलें. येथें तर इंजिनाचा क्रमांक आणि इंधन दोन्ही बदलणार. परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी हातीं येण्यापूर्वीं मेकॅनिकच्या हातावर एक पैसाहि ठेवूं नये. 'पुढें बघूं' म्हणून केलेलें काम अपघाताच्या दिवशीं विमा कंपनी बघते.

मग करावें काय? प्रथम टाकी काठोकाठ भरून, आंकडा टिपून, चार वेळां भरण्याइतकें अंतर मोजावें. पुष्कळदां १२ हा आंकडा अंदाजानेंच बोललेला असतो. नंतर सिलिंडरांतील दाब तपासून घ्यावा. दाब चांगला असल्यास प्लग, कार्ब्युरेटर, घासणारे ब्रेक व टायरांतील हवा एवढ्यावर भागेल. दाब उतरला असल्यास त्याच इंजिनाचें बोअरिंग करून नवीन पिस्टन व रिंगा घालणें हें अदलाबदलीपेक्षां स्वस्त पडतें, आणि नोंदणीपुस्तकास हात लावावा लागत नाहीं.

इंधनच बदलावयाचें तर सीएनजीचा मार्ग कायद्यानें मोकळा ठेविला आहे. संच त्या गाडीसाठीं मान्यताप्राप्त हवा, तो अधिकृत ठिकाणीं बसवून नोंदणीपुस्तकांत नोंद व्हावी, आणि टाकीची दाबचांचणी दर तीन वर्षांनीं करून घ्यावी. मात्र टाकी मागील बाजूची बरीच जागा अडविते. भगिनींनीं संच ठरविण्यापूर्वीं लोणच्याच्या बरण्यांचे खोके आंत मांडून उरलेल्या जागेचें माप घ्यावें.