वेताळाचा पत्ता

उज्जयिनीत राहणाऱ्याने वेताळावर लिहावे यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. विक्रमाची नगरी ती हीच, तेव्हा वेताळही इथलाच रहिवासी, हा समज इकडे पक्का आहे. १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' ही रामानंद सागरांची मालिका झाली आणि तिने या समजावर जणू मोहोरच उठवली.

परंतु अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेला 'कथासरित्सागर' उघडावा, तर त्यातील पंचविशीच्या राजाचे नाव त्रिविक्रमसेन. आणि त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण! पुढे केव्हातरी ही कथा विक्रमादित्याच्या खाती जमा झाली व पैठणचा राजा मागे पडला. शेजारी विक्रम संवत् मोजत असता आपण देवघरात शालिवाहन शकाचे पंचांग निष्ठेने ठेवले. कथा मात्र बाहेरच्या बाहेर जाऊ दिली.

हा वेताळ आहे तरी कसा? रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये या कथा आपल्या भाषेत नेताना त्याला रक्तपिपासू पिशाच्चाचे नाव दिले, आणि तिथेच घोटाळा झाला. सोमदेवाचा वेताळ रक्त पीत नाही. तो प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहशील तर मस्तक फुटेल, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर! सिंधुदुर्गातील आरवलीस तर तो वेतोबा होऊन गावाची राखण करतो. रात्रीच्या फेरीत त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्या थोरल्या चपला वाहतात. ज्याच्या चपलांची काळजी गाव वाहते, ते भूत कसले?

हे सारे आठवण्याचे कारण 'तुंबाड' हा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट. २०१८ साली तो आला, २०२४ साली पुन्हा लागला, आणि आमच्या माळव्यातील मराठी घरांतल्या तरुण मंडळींनीही तो पाहिला. कोकणातला पाऊस, पडका वाडा, लोभाने पछाडलेला विनायक आणि पुणे: सर्व काही आपले, बोली तेवढी हिंदी. त्यामागे प्रेरणा नारायण धारप यांच्या कथेची. पण धारपांचे नाव विचारावे तर ही मंडळी एकमेकांकडे पाहतात.

दोष त्यांचा नव्हे. धारप (१९२५ ते २००८) आमच्या घरांत आले ते चोरून, पाठ्यपुस्तकाच्या आड दडून. भयकथेने मुले बिघडतात, हा वडीलधाऱ्यांचा सिद्धान्त! आम्ही तो मानीत नाही. धारपांचा 'समर्थ' अशुभाशी झुंजतो तो मनोबलाने. रत्नाकर मतकरींनी एका हाताने काळीज गोठवणाऱ्या गूढकथा लिहिल्या, तर दुसऱ्या हाताने 'अलबत्या गलबत्या' लिहून चेटकिणीलाच बालगोपाळांपुढे नाचविले. जी भाषा मुलांना कधी घाबरवीत नाही, केवळ उपदेश करते, ती त्यांनी रात्री पांघरुणात का बरे न्यावी?

असो. या महिन्यात जेवणाच्या पंगतीत एक प्रयोग करून पाहावा. वेताळाचा शेवटचा प्रश्न असा: पितापुत्रांना वनात दोन स्त्रियांची पावले उमटलेली दिसली. मोठ्या पावलांची ती बापाने वरावी, लहान पावलांची मुलाने, असे ठरले. गाठ पडली तेव्हा कळले की त्या मायलेकी, आणि लहान पावले आईची! ठरल्याप्रमाणे विवाह झाले, दोन्ही घरी मुले झाली. त्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? काका, मामा, आत्या, भाचा असे सर्व शब्द कामाला लावावेत. 'अंकल' चालणार नाही. त्रिविक्रमसेनाला येथे उत्तर सुचले नाही, तो मौन राहिला, आणि त्या मौनावरच वेताळ प्रसन्न झाला.