प्रातिनिधिक दावा : आधी गटाची सीमा, मग युक्तिवाद

एकाच कृत्याने अनेकांचे नुकसान झाले आणि प्रत्येकाने स्वतंत्र दावा लावला, तर तोच पुरावा शेकडो वेळा नोंदवावा लागतो, शिवाय एकाच प्रश्नावर परस्परविरोधी निकाल येण्याची शक्यता राहते. यावर उपाय म्हणून भारतीय कायद्याने तीन प्रमुख मार्ग ठेवले आहेत : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १ नियम ८ खालचा प्रातिनिधिक दावा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(सी) खालची सामूहिक तक्रार आणि कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४५ खालचा भागधारकांचा किंवा ठेवीदारांचा अर्ज. तिन्ही मार्गांवर अशा प्रकरणाचे भवितव्य बरेचदा साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वीच ठरते. गट कोणता, त्याचे समान हित कोणते आणि त्याला नोटीस कशी पोचली, या तीन प्रश्नांवर ते ठरते.

आदेश १ नियम ८ ही या सगळ्याची मूळ चौकट. पुष्कळ व्यक्तींचे हित एकच असेल तर त्यांपैकी एक किंवा अनेक जण न्यायालयाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने दावा लावू शकतात, किंवा त्यांच्यावर सर्वांचे प्रतिनिधी म्हणून दावा लावता येतो. ‘पुष्कळ’ म्हणजे किती, हा आकडा नियमात नाही. १९७६ च्या दुरुस्तीने जोडलेल्या स्पष्टीकरणामुळे एक जुना वाद मिटला : हित समान असले म्हणजे पुरे, प्रत्येकाचे वादकारण तेच असण्याची गरज नाही. तामिळनाडू गृहनिर्माण मंडळ विरुद्ध गणपती या १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच पायावर वसाहतीतील रहिवाशांचा प्रातिनिधिक दावा योग्य ठरवला. जादा रकमेची मागणी प्रत्येकाकडे स्वतंत्रपणे झाली होती, पण त्या मागणीच्या वैधतेचा प्रश्न सर्वांसाठी एकच होता.

ग्राहक आयोगांपुढेही हीच चौकट लागू होते. २०१९ च्या कायद्याचे कलम ३८(११) आदेश १ नियम ८ ला तक्रारींसाठी आयात करते. अंबरीशकुमार शुक्ला विरुद्ध फेरस इन्फ्रास्ट्रक्चर या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या कायद्यातील समांतर तरतुदीचा अर्थ लावला : सामूहिक तक्रार समान हित असलेल्या सर्व ग्राहकांसाठी असली पाहिजे, काही निवडक ग्राहकांसाठी नव्हे, आणि मागितलेली दाद सर्वांसाठी एकच असली पाहिजे. सदनिकांचे क्षेत्रफळ किंवा किंमत वेगळी असल्याने हिताची समानता जात नाही.

या तत्त्वाची दुसरी बाजू ब्रिगेड एंटरप्रायझेस विरुद्ध अनिलकुमार विरमाणी या डिसेंबर २०२१ च्या निकालात दिसली. बंगळुरूतील ११३४ सदनिकांच्या प्रकल्पात ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती. ताबा देण्याची तारीख प्रत्येक इमारतीसाठी वेगळी असताना सर्व खरेदीदारांचे हित कसे समान आहे, हे तक्रारीत पुरेसे मांडलेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ती सामूहिक तक्रार म्हणून चालू दिली नाही. मात्र ती फेटाळली नाही. त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून पुढे चालवण्यास मुभा दिली. वर्गासाठीची सामूहिक तक्रार आणि काही जणांनी मिळून केलेली संयुक्त तक्रार यांतला हा फरक मसुदा करतानाच लक्षात घ्यावा लागतो.

म्हणून तक्रारदाराच्या वकिलाचे पहिले काम गटाची व्याख्या करणे हे आहे. ‘प्रकल्पातील सर्व सदनिकाधारक’ ही व्याख्या सोयीची वाटते, पण तिच्यात ताबा मिळालेले आणि न मिळालेले, पैसे परत हवे असलेले आणि घरच हवे असलेले, मूळ खरेदीदार आणि नंतरचे खरेदीदार असे सगळे एकत्र येतात. यांचे हित एकमेकांविरुद्धही जाऊ शकते, कारण पैसे परत करण्यासाठी बांधकामाचा निधी वळवला तर घर मागणाऱ्यांचे नुकसान होते. व्याख्या इमारतनिहाय, करारातील ताब्याच्या तारखेनुसार आणि मागितलेल्या दादेनुसार करावी, गरज पडल्यास दोन वेगळ्या तक्रारी कराव्यात. त्यासोबत सभासदसंख्येचा अंदाज, समान कराराचा नमुना, सर्वांना लागू असलेल्या तारखा आणि समान प्रश्नांची यादी तक्रारीतच आली पाहिजे. परवानगीच्या अर्जात हित समान असल्याचे नुसते विधान पुरत नाही. ते तथ्यांनी भरावे लागते.

अधिकारक्षेत्राचे गणितही याच टप्प्यावर मांडावे लागते. १९८६ च्या कायद्याखाली वर्गातील सर्वांचे एकत्रित मूल्य धरावे, असे अंबरीशकुमार शुक्ला प्रकरणात ठरले होते. २०१९ च्या कायद्यात निकष बदलून प्रत्यक्ष दिलेला मोबदला हा झाला. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये, राज्य आयोगाची त्यापुढे २ कोटी रुपयांपर्यंत आणि त्यावरील तक्रारी राष्ट्रीय आयोगाकडे जातात. प्रत्येक सामूहिक तक्रार करावीच असेही नाही. नोंदणीकृत ग्राहक संघटना कलम ३५(१)(बी) खाली तक्रार करू शकते, आणि स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम ३१ खाली सदनिकाधारकांचा संघ महारेरासारख्या प्राधिकरणाकडे थेट जाऊ शकतो. तीस-चाळीस खरेदीदारांचाच प्रश्न असेल आणि उरलेल्यांना बांधून घेण्याची गरज नसेल, तर संयुक्त तक्रार जलद आणि कमी जोखमीची ठरते.

कंपनी कायद्याचे कलम २४५ हे सत्यम प्रकरणाने पुढे आणलेल्या उणिवेचे उत्तर आहे. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सचा हिशेबातील घोटाळा उघड झाल्यावर अमेरिकेत रोखे घेतलेल्या गुंतवणूकदारांना सामूहिक दाव्यातून कंपनीकडून १२.५ कोटी डॉलरची आणि लेखापरीक्षक संस्थांकडून २.५५ कोटी डॉलरची तडजोड मिळाली. भारतीय शेअर बाजारांत तेच शेअर घेतलेल्यांसाठी तसा मार्ग नव्हता. १ जून २०१६ पासून लागू झालेल्या कलम २४५ खाली कंपनी, संचालक, लेखापरीक्षक आणि तज्ज्ञ सल्लागार यांच्याविरुद्ध नुकसानभरपाई मागता येते. बँकिंग कंपन्या मात्र त्यातून वगळल्या आहेत. मे २०१९ च्या नियमांनुसार किमान १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढे अर्जदार लागतात. सूचिबद्ध कंपनीत २ टक्के, इतर कंपनीत ५ टक्के भागभांडवल धारण करणारेही अर्ज करू शकतात. समान प्रश्न, दाव्यांचे प्रातिनिधिक स्वरूप आणि प्रतिनिधीची क्षमता हे निकष राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण तपासते. परवानगी घेऊन गटातून बाहेर पडण्याचा हक्क नियमांत स्पष्ट दिला आहे. आदेश १ नियम ८ मध्ये असा हक्क नाही. नोटीस मिळालेली व्यक्ती पक्षकार होण्यासाठी अर्ज करू शकते, एवढेच.

नोटिशीचे महत्त्व यातूनच येते. नियम ८(६) नुसार हुकूमनामा ज्यांच्या वतीने दावा लावला त्या सर्वांवर बंधनकारक होतो, आणि संहितेच्या कलम ११ च्या सहाव्या स्पष्टीकरणाने त्यांच्या पुढच्या दाव्यालाही पूर्वनिर्णयाची बाधा येते. म्हणून न्यायालय वादीच्या खर्चाने प्रत्येकाला वैयक्तिक नोटीस देते. लोक फार असल्यास जाहीर नोटीस काढते. नोटिशीत दाव्याचे स्वरूप, मागितलेली दाद आणि हरकत नोंदवण्याची तारीख नेमकी हवी, आणि ज्या भागात सभासद राहतात तिथे वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रात ती छापली गेली पाहिजे. नोटीस सदोष असेल तर न्यायालयात न आलेल्यांवर निकाल बंधनकारक ठरत नाही आणि जिंकलेला दावाही पुन्हा उघडा पडतो. कंपनी कायद्याखालील अर्जात एक प्रादेशिक आणि एक इंग्रजी वृत्तपत्र असा दंडक आहे.

मुदतीचा प्रश्न अनेकदा उशिरा लक्षात येतो. ग्राहक तक्रारीला वादकारणापासून दोन वर्षे मिळतात. अमेरिकेत सामूहिक दावा प्रलंबित असेपर्यंत गटातील सभासदांची मुदत थांबते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ठरवले. भारतीय मुदत कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नाही. नंतर दाव्यात वादी म्हणून जोडलेल्या व्यक्तीबाबत, कलम २१ नुसार, दावा ती जोडली गेली त्या तारखेला दाखल झाला असे साधारणपणे मानले जाते. परवानगी नाकारली गेली तर कलम १४ चा आधार घेता येतो, पण त्यासाठी सद्भावना आणि तत्परता दाखवावी लागते. म्हणून ज्यांचे नुकसान मोठे आहे त्यांनी आपले वैयक्तिक दावे मुदतीत सुरक्षित ठेवणे श्रेयस्कर.

सामूहिक तक्रारीत पुरावाही सामूहिक असतो, त्यामुळे त्यातील एक दोष सगळ्यांना भोवतो. मॅगी नूडल्सच्या प्रकरणात केंद्र सरकारने ग्राहकांच्या वतीने सुमारे ६४० कोटी रुपयांची तक्रार २०१५ मध्ये राष्ट्रीय आयोगापुढे केली होती. ती एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली गेली. त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नूडल्सवरील बंदीचा आदेश रद्द करताना ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांच्या मान्यतेवरच प्रश्न उपस्थित केला होता. ग्राहक तक्रारी शपथपत्रे आणि कागदपत्रांवर चालतात, म्हणून मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, जाहिराती आणि तज्ज्ञाचा अहवाल यांची छाननी तक्रार दाखल करण्यापूर्वीच व्हायला हवी.

सामनेवाल्याच्या वकिलासमोर पहिला निर्णय असा : गटाला विरोध करायचा की गट मान्य करायचा. विरोध करायचा असेल तर करारांतील फरक, थकीत हप्ते, ताबा घेताना दिलेली संमतीपत्रे, व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी हे मुद्दे तथ्यांसह परवानगीच्या टप्प्यावरच मांडावेत. लेखी जबाबाला ३० आणि वाढीव १५ अशी एकूण ४५ दिवसांची मर्यादा असून ती ओलांडता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे. लवादाच्या कलमावर भिस्त ठेवणे मात्र धोक्याचे, कारण करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे अधिकार जात नाहीत, हे २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात ठरले आहे. दुसऱ्या पर्यायाचा विचार कमी वेळा होतो. गट रुंद असला आणि नोटीस निर्दोष असली तर एकाच निकालाने शेकडो तक्रारींचा प्रश्न मिटतो. ज्याची बाजू मुळात मजबूत आहे, त्याच्यासाठी गट लहान करणे म्हणजे भविष्यातील दाव्यांसाठी दार उघडे ठेवणे होय.

खर्चाबाबत वकिलांच्या आचारनियमांची मर्यादा कडक आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी निषिद्ध आहे. त्रयस्थाने पैसे पुरवायला सरसकट बंदी नाही, पण महाराष्ट्रात आदेश २५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केलेल्या दुरुस्तीमुळे, दाव्यातील मालमत्तेचा हिस्सा घेऊन पैसे पुरवणाऱ्याला न्यायालय वादी करू शकते आणि खर्चासाठी तारण मागू शकते. गटाने वर्गणी, खर्चाची मर्यादा आणि निर्णय घेणारी समिती यांची लेखी व्यवस्था सुरुवातीलाच केली, तर नंतरचे मतभेद टळतात.

शेवटचा धोका तडजोडीत असतो. एखाद्या प्रतिनिधीला वेगळी रक्कम देऊन तक्रार मागे घ्यायला लावण्याचे प्रकार संहितेने ओळखले आहेत. नियम ८(४) नुसार सर्वांना नोटीस दिल्याशिवाय दावा मागे घेता, सोडून देता किंवा मिटवता येत नाही. प्रतिनिधी तत्परता दाखवत नसेल तर नियम ८(५) खाली त्याच्या जागी गटातील दुसरा आणता येतो. आदेश २३ नियम ३बी नुसार न्यायालयाच्या परवानगीवाचून केलेली तडजोड शून्यवत आहे. तडजोडीच्या मसुद्यात रक्कम कोणत्या सूत्राने वाटायची, न आलेल्यांचा हिस्सा किती काळ राखून ठेवायचा आणि कोणते हक्क सोडले जातात, हे लिहिलेले असावे. आयोगाचा आदेश हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. पण अंमलबजावणीचा अर्ज कोण करू शकतो, हे मूळ प्रकरण वर्गासाठी होते की केवळ नावे असलेल्यांसाठी, यावर अवलंबून असते.