हितगुज : पाटल्या मोडण्याआधी



लिंबाच्या लोणच्याला बुरशी का येते, सासूबाईंच्या गुडघ्यांना कुठलं तेल लावावं, अशी नेहमीची पत्रं या आठवड्याच्या टपालातही आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात देते, रागावू नका. आज सगळी जागा निफाड तालुक्यातल्या एका भगिनीला देणार आहे. तिच्या पत्राला मुदत आहे. या महिनाअखेर तिला पाटल्या सराफाकडे न्यायच्या आहेत.

पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगते. यजमान छत्तीस वर्षांचे, बी.एस्सी. ॲग्री झालेले. अकरा वर्षं द्राक्षबागायतदारांना सल्ला देण्याची नोकरी करतात. मुलगी पहिलीत आहे. ऑस्ट्रेलियात शिकल्यासवरल्या माणसांना गावाकडच्या भागासाठी व्हिसा मिळतो, तिथे द्राक्षाचे मळेच मळे आहेत, असं कुणीसं सांगितलं आणि घरात तोच एक विषय झाला. एजंट म्हणतो, व्हिसा आणि मळ्यावरची नोकरी, दोन्ही पक्कं. बारा लाख द्या, त्यातले चार आगाऊ. सासरे जमिनीला हात लावू देत नाहीत (मला विचाराल तर शहाणा माणूस!). राहिल्या पाटल्या आणि माहेरचा चपलाहार. "देऊ की नको? नाही म्हटलं तर ह्यांच्या प्रगतीच्या आड आले असं होईल," असं बाई विचारतात.

ताई, आधी उत्तर देते, कारण मग सांगते. या एजंटाला देऊ नका. ऑस्ट्रेलियाला जाऊच नका असं मात्र मी म्हणत नाही. या दोन गोष्टी तुमच्या घरात एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

तुम्ही म्हणता त्या व्हिसाचा क्रमांक ४९१. तो नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. मुदत पाच वर्षांची. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन मोठी शहरं सोडून बाकीच्या भागात राहायचं आणि तिथेच काम करायचं, ही अट. ती तुम्हालाही लागू. त्यासाठी शिक्षण आणि अनुभव तपासून घ्यावा लागतो, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, गुण मोजले जातात आणि मग तिथलं एखादं राज्य किंवा तिथे स्थायिक असलेला जवळचा नातलग तुमचं नाव पुढे करतो. आता नीट वाचा हं. या व्हिसात तुम्ही कुठल्याही मालकाला बांधलेले नसता. एखादं राज्य नाव सुचवण्यापूर्वी नोकरीची अट घालतं, पण ती त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर उघड लिहिलेली असते. म्हणजे एजंट जी "पक्की नोकरी" विकतो आहे, ती या व्हिसाबरोबर येतच नाही. आणि मालकाने माणूस मागवायचा जो वेगळा व्हिसा असतो, त्यात मालकाच्या पत्रासाठी पैसे मागणं हा २०१५ च्या डिसेंबरपासून तिथे गुन्हा आहे. देणाराही अडचणीत येतो, व्हिसा रद्द होऊ शकतो. मग हे बारा लाख कशाचे? कागदपत्रं भरून देण्याची फी कुणी घेतली तर त्यात गैर काही नाही. पण "नोकरीची हमी" हा शब्द आला की पर्स बंद करून उठायचं.

तिथल्या सरकारकडे अशा सल्लागारांची नोंदवही असते, प्रत्येकाला क्रमांक असतो आणि तो कुणालाही पडताळता येतो. भारतात बसलेल्या एजंटाला मात्र ही नोंदणी सक्तीची नाही. गोम आहे ती इथेच. क्रमांक मागा. सांगायला टाळाटाळ केली तर चहा पाजून रवाना करा.

आता खरा प्रश्न. व्हिसा मिळाला, पुढे काय?

आमच्या जाऊबाईंची धाकटी लेक २०२३ साली नवऱ्याबरोबर मिल्ड्युराला गेली. मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटर आत, मरे नदीच्या काठी हे गाव आहे. पाऊस आपल्या दुष्काळी तालुक्यांपेक्षाही कमी, पण १८८७ मध्ये चॅफी नावाच्या दोघा भावांनी तिथे नदीचं पाणी खेळवलं आणि द्राक्षं उभी राहिली. आपण जिला थॉमसन सीडलेस म्हणतो, तीच वेल तिकडे सुलताना. जावई एम.एस्सी. हॉर्टिकल्चर, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की उतरल्या उतरल्या मोठी खुर्ची मिळणार.

कसली खुर्ची! पहिले दोन महिने अर्जांना साधं उत्तरसुद्धा येईना. "इथला अनुभव आहे का?" हाच प्रश्न. आणि त्यांचंही अगदी चूक नाही, बरं का. आपल्या नाशिककडे वेल कधी पुरती झोपतच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लागते. तिकडे हिवाळ्यात वेल पानं टाकून गाढ झोपते आणि जून ते ऑगस्टमध्ये एकदाच छाटणी होते. सगळं वर्षच उलटं. जावयाला पुस्तकातलं सगळं येत होतं, पण तिथली झोपलेली वेल त्याने कधी हाताळली नव्हती.

शेवटी तो मजुरांच्या रांगेत उभा राहिला. पहाटे चार-पाच अंश थंडीत हातमोजे घालून छाटणी केली. लेक पॅकहाऊसमध्ये घड निवडायला लागली. तिथे टेबलापाशी उभं राहायचं तर बांगड्या, अंगठ्या, सगळं काढून ठेवावं लागतं. "काकू, मंगळसूत्र डब्यात आणि डबा कपाटात," असं तिने लिहिलं तेव्हा जाऊबाई दिवसभर गप्प होत्या. माझ्याही घशाशी आलं, खोटं कशाला सांगू.

पण त्याच मळ्यावर जावयाने फवारणीच्या औषधांचा छोटा अभ्यासक्रम केला, फोर्कलिफ्टचा परवाना काढला. ठिबकच्या पाण्याचं गणित त्याला मुकादमापेक्षा चांगलं जमतं, हे मालकाच्या लक्षात आलं. अकराव्या महिन्यात तो खतं-औषधं विकणाऱ्या दुकानात सल्लागार म्हणून लागला. आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रासारखीच ती दुकानं, फक्त मोठी. ती शेतीची पदवी असलेली माणसं पगारावर ठेवतात आणि बांधाबांधावर पाठवतात. ती नोकरी त्याला जाहिरातीतून मिळाली नाही. ज्याच्याकडे छाटणी केली त्या शेतकऱ्याने फोनवर दोन शब्द चांगले सांगितले, म्हणून मिळाली.

तेव्हा ताई, यजमानांना हे स्पष्ट विचारा : अकरा वर्षं सल्ला देणारा माणूस एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली कात्री चालवेल का? रागाने नाही, जेवणं झाल्यावर शांतपणे विचारा. "हो" आलं तर पुढचं वाचा.

मजुरीचं काम करताना एक सांभाळायचं. पैसे रोख हातात, चिठ्ठी नाही, असं काम देणारे ठेकेदार असतात. दुर्दैवाने त्यांत आपली भाषा बोलणारेही असतात. तीन वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करताना तीन वर्षांच्या प्राप्तिकराचे सरकारी कागद द्यावे लागतात, आणि नोंद नसलेल्या रोखीच्या कामाचा असा कागद कुठून येणार? पेटीमागे इतके, बादलीमागे इतके, असा हिशेब असला तरी २८ एप्रिल २०२२ पासून बागायती कामात तासाच्या किमान वेतनाची हमी आहे. १ जुलै २०२५ ला देशाचं किमान वेतन ताशी २४ डॉलर ९५ सेंट ठरलं होतं. दर जुलैत ते नव्याने ठरतं. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँड राज्यांत मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो, आणि परवाना आहे की नाही हे कुणालाही पाहता येतं. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, "सांभाळून ठेवतो" म्हणाला तरी नाही.

आता तुमच्याविषयी. चौथ्या पानाच्या तळाशी तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, "मीही राहुरीची बी.एस्सी. ॲग्री आहे, पण लग्नानंतर काही केलं नाही." अहो, हे शेवटी काय लिहिता! यजमानांचे गुण मोजू. वयाचे २५, पदवीचे १५, अनुभव सगळा धरला तर १५, राज्याने नाव सुचवल्याचे १५. झाले सत्तर. किमान ६५ लागतात, पण राज्यांकडे जागा थोड्या आणि रांग मोठी, म्हणून सत्तरवर निश्चिंत बसता येत नाही. बायकोने इंग्रजीची परीक्षा ठरलेल्या पातळीवर पास केली तर पाच गुण वाढतात. तिच्याही पदवीची तपासणी होऊन ती मान्य झाली तर पाचऐवजी दहा. त्या तपासणीला अलीकडचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याजवळ आज नाही. म्हणून दहाचा हिशेब धरू नका. पण पाच गुण सर्वस्वी तुमच्या अभ्यासावर आहेत. पाटल्यांचे पैसे खर्चायचेच असतील तर त्यातली एक छोटी रक्कम इंग्रजीच्या शिकवणीला आणि परीक्षेच्या फीला घाला. पाटल्या तुमचं स्त्रीधन आहे. ते कशावर खर्चायचं हे तुम्ही ठरवायचं. आणि तिथे गेल्यावर तुम्हालाही कामाची पूर्ण मुभा असते. पॅकहाऊसमध्ये घडाची साखर आणि मण्याचा आकार तपासायला शिकलेली माणसं लागतात.

दुसरं, मोटार चालवायला शिका. नवऱ्याच्या शेजारी बसून नव्हे, स्वतः. मळे गावापासून वीस-तीस किलोमीटर लांब, आपल्या एसटीसारखी गाडी तिकडे जात नाही. पहिले पाच महिने आमची लेक दुसऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून कामाला जायची आणि त्याचे पैसे वेगळे द्यायची. इथेच शिकून, हात बसवून जा. बाजू आपल्यासारखीच डावी आहे, एवढं सुख.

दवाखान्याची काळजी तुम्ही लिहिली आहे. ४९१ वाल्यांना तिथल्या सरकारी आरोग्ययोजनेत नाव घालता येतं, तेव्हा मुलीच्या दम्यासाठी फार धास्ती घेऊ नका. तिची इथली औषधं लिहिलेला कागद मात्र बरोबर असू द्या.

महिनाअखेर एजंट आला की त्याला एवढंच सांगा, आधी ह्यांच्या पदवीची आणि अनुभवाची तपासणी आम्ही स्वतः करून घेतो, तिचा निकाल आला की बोलू. ही तपासणी तिथली व्हेटॲसेस नावाची संस्था करते आणि अर्ज घरबसल्या भरता येतो. अकरा वर्षांत नेमकं काय काम केलं याची कंपनीची पत्रं लागतील, ती मागायला यजमानांनी उद्याच सुरुवात करावी.

आणि कधीकाळी सामान बांधायची वेळ आलीच, तर मेथीचं बी, कढीलिंब, तुळशीच्या मंजिऱ्या भरू नका. मसाल्यांसकट जे खाण्याचं नेताय ते विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर लिहा, लपवलं तर दंड होतो. यजमानांचे बागेतले बूट तेवढे घासून, तळव्यातली माती काठीने काढून, धुऊन वाळवून न्या. बुटाला आपल्या मळ्याची माती दिसली तर विमानतळावरच अडवतात.