बर्गरवर राग नाही, भाड्याचं बोला

परवा कामानिमित्त फोर्टात गेलो होतो. काम लवकर आटपलं, म्हणून सवयीने पावलं जुन्या ऑफिसच्या गल्लीकडे वळली. कोपऱ्यावरचं उडप्याचं हॉटेल बंद. शटरवर एका फास्ट फूड चेनचा 'लवकरच येत आहोत' असा भला मोठा बोर्ड. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "शेठने जागा सोडली साहेब. मुलगा आयटीत, गल्ल्यावर बसणार कोण? आणि आता घरमालकाला जे भाडं मिळणारे ते ऐकलंत तर चक्कर येईल."

बावीस वर्षं त्या हॉटेलात इडली-वडा मिक्स खाल्लाय, त्यामुळे वाईट वाटलंच. पण आधीच सांगून टाकतो, ही 'आपली संस्कृती विरुद्ध परदेशी बर्गर' छापाची पोस्ट नाही. त्या रडगाण्याचा मलाही कंटाळा आलाय.

कारण खरं बोलायचं तर सीएसएमटीसमोरच्या मॅकडोनल्ड्सचे आपल्यातल्या अनेकांवर उपकार आहेत. एसी, स्वच्छ टॉयलेट, आणि एकटी मुलगी तासभर बसली तरी कोणी वळून बघत नाही. तिथून जवळच 'आराम'चा वडापाव, त्यालाही गर्दी असतेच. दोन्ही सुखाने नांदतायत. आणि 'बाहेरचे' म्हणाल तर इराणी कुठले इथले? उडपी कुठले? १९०४ चं कयानी आणि १९२३ चं ब्रिटानिया आज आपल्याला अस्सल मुंबई वाटतात, पण तीही बाहेरून आलेल्या माणसांनीच उभी केली. २०१२ मध्ये स्टारबक्सने भारतातलं पहिलं दुकान हॉर्निमन सर्कलला उघडलं, ते टाटांच्या भागीदारीत. जम्बोकिंग तर चक्क वडापावाच्या जिवावर उभी राहिलेली चेन. तेव्हा देशी-परदेशी हा मुद्दा बाजूला ठेवा.

मुद्दा जागेचा आहे.

फोर्टातली बरीचशी जुनी हॉटेलं पागडीच्या जागेत. भाडं जुनं, कायद्याने वर्षाला फक्त ४ टक्के वाढणारं. घरमालक वैतागलेला, कारण मिळणाऱ्या भाड्यात इमारतीची डागडुजीही होत नाही. त्याचीही बाजू आहे, नाकारत नाही. पण हॉटेलवाल्याची एक पिढी थकली, त्याने जागा सोडली, की तीच जागा लिव्ह अँड लायसन्सवर बाजारभावाने जाते. तो भाव देणार कोण? ज्याला एका दुकानातला तोटा पन्नास दुकानांत जिरवता येतो तो. त्याला पीठ वाटायला, भाजी चिरायला मागे मोठी जागाही लागत नाही. माल बराचसा तयार होऊन येतो, इथे फक्त गरम करायचा नाहीतर तळायचा. म्हणजे तेवढ्याच चौरस फुटात गिऱ्हाईक जास्त. उडप्याचं अर्धं हॉटेल भटारखान्यातच जातं.

यात आणखी एक गंमत आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ज्या कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला भाडेकरू म्हणून या कायद्याचं संरक्षणच नाही. हेतू चांगला होता. मोठ्या कंपन्यांनी आणि बँकांनी चिल्लर भाड्यात जागा अडवून बसू नये. पण घरमालकाच्या नजरेने बघा. छोटा हॉटेलवाला म्हणजे 'हा पुढे चिकटून बसला तर कोर्टात चपला झिजवा'. मोठी कंपनी म्हणजे बिनधोक. पैसेही जास्त, भीतीही नाही. तुम्ही आम्ही घरमालक असतो तर वेगळं काय केलं असतं?

म्हणजे लोकांना डोसा नकोसा झाला म्हणून हॉटेल बंद पडलं, असं नाही. दुपारी एक वाजता तिथे टेबल मिळायचं नाही. धंदा चालू होता, जागा परवडेनाशी झाली.

आता कोणी म्हणेल, मग बिघडलं काय? बिघडलं ते असं. फोर्टात फक्त सूटबूटवाले येत नाहीत. कोर्टातले कारकून, ज्युनियर वकील, शिपाई, कुरियरवाले, गावाहून एखाद्या ऑफिसात कागद घेऊन आलेली म्हातारी माणसं येतात. त्यांना कमी पैशात, पंख्याखाली, खुर्चीवर बसून गरम जेवायची सोय म्हणजे ही हॉटेलं. ती गेली की उरतो फुटपाथ. पण तिथल्या गाडीवाल्याच्या मागेही पालिकेची गाडी. पथविक्रेत्यांसाठी २०१४ ला केंद्राचा कायदा झाला, तो मुंबईत अजून पुरता जमिनीवर उतरलेला नाही. म्हणजे बसायची जागा परवडत नाही आणि उभं राहायची जागा बेकायदा. मग या माणसाने जेवायचं कुठे?

आपण इमारती जपतो, हे चांगलंच आहे. फोर्टातल्या कितीतरी इमारती हेरिटेज यादीत आहेत, कमानीला हात लावायचा तर परवानगी लागते. पण कमानीखाली चहा मिळणार की मोबाइलची कव्हरं, याच्याशी त्या यादीला देणंघेणं नाही.

रडून उपयोग नाही, करता येण्यासारखं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत दोन गोष्टी केल्या. अकरापेक्षा जास्त शाखा असलेल्या दुकानाला अनेक वस्त्यांमध्ये वेगळी परवानगी आणि सुनावणी लागते. आणि जुन्या धंद्यांची अधिकृत नोंदवही केली. २०१५ मध्ये मतदान घेऊन त्यासाठी निधी ठेवला. त्यातून अशा धंद्याला दहा वर्षांचा करार देणाऱ्या जागामालकालाही अनुदान मिळतं. घरमालकाला शिव्या न घालता त्याला सोबत घेतलं, हे मला आवडलं.

आपल्याकडे तर काम आणखी सोपं आहे. फोर्ट-बॅलार्ड इस्टेटमध्ये एलआयसी, पोर्ट, रेल्वे, महापालिका हेच मोठे जागामालक आहेत. म्हणजे शेवटी आपणच! माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, या सार्वजनिक मालकीच्या इमारतींत तळमजल्यावरचे काही गाळे छोट्या खानावळींसाठी राखून ठेवा आणि ते फक्त सर्वात जास्त बोली लावणाऱ्याला देऊ नका.

दोन, तीस वर्षांहून जुन्या हॉटेलांची यादी करा आणि त्यांना जागा देणाऱ्या खासगी मालकाला मालमत्ता करात सवलत द्या.

तीन, फेरीवाल्यांचा कायदा एकदाचा लागू करा.

चेनला बंदी घाला असं मी म्हणत नाही. घरी नातवंडं आली की मीच त्यांना पिझ्झा खायला नेतो. पण सगळ्या शहराने फक्त तेवढंच खावं, हे भाड्याच्या पावतीने ठरवू नये.

तुमच्या भागात असं एखादं हॉटेल अजून तग धरून असेल तर खाली नाव आणि पत्ता लिहा. पालिकेने यादी करेपर्यंत आपली तरी होऊ दे. आणि या आठवड्यात एकदा तिथे जाऊन जेवून या.